काळ्या मोलीचं बाळंतपण

२८ जानेवारी १९६२, सांगली

मोलीचं पोट आज चांगलंच टरारलंय. ही मासळी अंडी घालत नाही, थेट पिल्लं घालते — आणि घातली की स्वतःच गिळते! दिवाळीत तेच झालं. आंघोळ करून येते तो एक पिल्लू शिल्लक नाही. या खेपेला गोळ्यांची काचेची बरणी धुऊन ठेवली आहे. व्याली, की आई-बाप दोघंही बरणीत. जन्मभर लोकांच्या मुलींना इंग्रजी शिकवलं. आता एक वीण तरी माझ्या हातून जगावी!

३० जानेवारी

अष्टग्रही! दुसरा विषय नाही. आठ ग्रह एका राशीत आले की म्हणे जग बुडणार. गल्लीत होम, धूर, लाऊडस्पीकर. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरही प्रलयाची भीती घालायच्या, पण निदान हळू आवाजात.

थंडी म्हणून माशांच्या टाकीवर दिवा टांगला. दगडाबाई भांडी घासता घासता — "आवं बाई, जग बुडनार हाय, आन् तुमी माशाला लाइट लावताय व्हय?"

"बुडेपर्यंत भांडी घास," म्हटलं.

दादा गेल्यावर वहिनीला घरी आणलं ते सोबत म्हणून. ही सोबत दिवसभर जप करते!

२ फेब्रुवारी

अजून काही नाही. वाचनात लक्ष नाही, जेवणात नाही. दर घटकेला टाकीशी.

४ फेब्रुवारी

सकाळी लाऊडस्पीकरची तक्रार द्यायला चौकीवर गेले. परत येते तो टाकीत नुसतं पाणी आणि पाणगवत. मासे नाहीत! वहिनी ओल्या पदरानं दारात.

भटजींनी सांगितलं म्हणे — प्रलयाआधी कोंडलेले जीव सोडा, पुण्य लागतं. पलीकडच्यांनी पोपट सोडला. वहिनीनं माझी जोडी चहाच्या गाळणीनं काढली, कळशीत घातली आणि कृष्णेत सोडून आली!

"वन्सं, बुडायचंच आहे तर मोकळं तरी बुडू दे त्यांना."

मासे बुडतात?

नको नको ते बोलले. 'हे तुझं घर नाही' — हेसुद्धा.

५ फेब्रुवारी

वहिनी सकाळच्या एस.टी.नं पाटणला गेली, भावाकडे. निघताना 'येते' म्हणाली नाही. मी थांबवलं नाही.

६ फेब्रुवारी

जग जिथल्या तिथे. होमवाले छाती पुढे काढून फिरताहेत — आमच्यामुळे वाचलं!

टाकी उपसायला बसले. पाणगवत उचललं, तर मुळांशी काळे ठिपके. ठिपके हलले! पिल्लं! म्हणजे वहिनी गाळणी घेऊन आली त्याआधीच मोली व्याली होती. मी चौकीवर, हवालदाराशी हुज्जत घालत! आई-बाप तिथंच राहिले असते, तर मी परतेपर्यंत एकही उरलं नसतं. बरणी कोरडी ती कोरडीच.

गवत हलक्या हातानं परत ठेवलं.

७ फेब्रुवारी

पाटणची गाडी धरते आहे. आज पिल्लांवर लक्ष ठेवायला दगडाबाई. वहिनीला घेऊनच येईन. माफीबिफी मागणार नाही. पण पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक लागतो, तो मीच चारीन — ती सोवळ्याची, तिला अंड्याला शिवायला लावणार नाही.