दंडापुरता पट्टा

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, आठव्या महिन्यात खरा घालायला गेलं तर पोट तेवढं टेकतं, बाकीची अंगं अधांतरी). तुझे गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला? आम्ही मजेत आहोत. म्हणजे मी मजेत आहे, हेच डॉक्टरबाईंना खटकतं.

अगं, इतके महिने तपासणीला जातेय, पण तिथे कुणी माझ्याकडे बघतच नाही, सगळे काट्याकडे बघतात. कंबर दुखते म्हटलं, तर वजन. झोप लागत नाही म्हटलं, तर वजन. एकदा दाढ दुखते म्हणून बघितलं, तरी वजनच! (दाढ ठणठणीत होती, मी मुद्दाम म्हटलं.) आणि आमचे हे शेजारी उभे राहून प्रत्येक वाक्याला मान डोलावतात, जणू सासरेबुवांनी यांना तिथे त्याच कामाला लावलंय.

परवा तर कहर झाला. ब्लड प्रेशर बघायला सिस्टरनी दंडाला पट्टा बांधला, तो हवा भरताच फर्रकन सुटला. दुसऱ्यांदा त्यांनी तो दोन्ही हातांनी आवळून धरला, तेव्हा मशीनने भलताच आकडा दाखवला, आणि डॉक्टरबाई मान वर न करता म्हणाल्या, आजच ॲडमिट व्हा, उद्या सिझेरियन. अजून महिना बाकी आहे गं! मी म्हटलं, पट्टा लहान आहे. केवढ्या दंडाला चालतो ते त्याच्यावरच छापलंय (वाचायला डॉक्टरकी लागत नाही), आणि आवळला की आकडा चढणारच. मोठा आणा, तोवर मी या स्टुलावरून हलणार नाही. हलवून दाखवा, असंही म्हटलं. मागे रांग कुरकुरायला लागली. ह्यांनी बंद मोबाइल कानाला लावला आणि कुणाशी तरी फार महत्त्वाचं बोलू लागले.

शेवटी दुसऱ्या वॉर्डातल्या कपाटात मोठा पट्टा सापडला, वेष्टणसुद्धा न काढलेला. आकडा आला अगदी नॉर्मल. सिझेरियन रद्द. चुकलं असं कुणी म्हणालं नाही. डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या, तरी वजनाकडे लक्ष द्या. मी म्हटलं, तिकडे तुमचं आहे की भरपूर, आता थोडं माझ्याकडे द्या. आणि ताठ मानेने बाहेर पडले.

तुझी भाची

ता. क. आईला समजाव. माझ्या वतीने माफी मागायला ती हॉस्पिटलात निघालीय.

ता. क. आणखी एक. बाळंतपणाच्या खोलीत सोबतीला एकच माणूस सोडतात. हे आले तर सगळ्याला हो म्हणतील, आई आली तर रडत बसेल. परवा मी धडधाकट होते म्हणून भांडले. कळा सुरू झाल्यावर काही बिनसलं, मी सांगितलं, आणि त्यांनी पुन्हा वजनच म्हटलं तर? मला भीती वाटते गं, मावशी. तू ये. आणि मी गप्प पडले, तर माझ्या वाटचं तू भांड.