मेंढ्यांपुढे दिलेलं भाषण

१२ जानेवारी

कार्यक्रम ठरवणारी ग्वुदनी नाही म्हणाली! थोर्री महिन्याच्या गावजेवणात फक्त दहा मिनिटं मागितली होती. "अगं ड्रिफा, लोक सडवलेला शार्क खायला येतात. वर तुझं भाषण कोण पचवणार?"

घरातली पहिली पदवीधर मी. पाच वर्षं एका शब्दामागे घालवली — आणि गावाला दहा मिनिटंही नकोत?

बाबा म्हणाले, "नक्कल तरी करतील तुझी." गावजेवणात वर्षभराच्या फजित्यांच्या नकला होतात ना. बाबांना या खोऱ्यात येऊन चोवीस वर्षं झाली, त्यांची एकदाही झाली नाही. ज्याची नक्कल नाही, तो अजून पाहुणाच.

१५ जानेवारी

गोठ्यात मेंढ्यांपुढे पूर्ण भाषण दिलं. छान झालं! एकीने हॉलंडचा कागद खाल्ला. बाबा गवत टाकत होते. मध्येच म्हणाले, "इंग्लंडचं परत सांग."

२७ जानेवारी

मेले मी लाजेने! मंचावर हाल्ग्रीमुर पोस्टमन — माझी लोकरी टोपी घालून! समोर पाच बाप्ये रांगत, बें-बें करत. आणि भाषण माझंच —

"भगिनींनो! 'तून' म्हणजे आपलं घरालगतचं कुरण. नॉर्वेत घरांमधलं अंगण. हॉलंडात बाग. इंग्लंडात 'टाउन', चक्क अख्खं गाव! आणि जर्मनीत नुसतं कुंपण — तेच मूळ! आधी कुंपण घातलं, मग आत जे होतं त्याला ज्याने त्याने तेच नाव दिलं!"

हॉलंड आलं तसं एका मेंढीने कागद खाल्ला. लोक टेबलं बडवत होते. बाबा डोळे पुसून पुसून हसत होते. त्या दिवशी गोठ्यात तेच तर होते — दुसरं कोण सांगणार?

२९ जानेवारी

बाबांशी अबोला चालू.

मीठ आणायला गेले. दुकानदारीण: "काय गं, इंग्लंडात अख्खं गाव ना?" मागून एक म्हातारा: "आणि मूळ कुंपण! परवापासून मी आमच्या कुंपणाशी जरा अदबीने वागतो." मी हसले नाही. जवळजवळ.

२ फेब्रुवारी

ग्वुदनी टोपी परत करायला आली. "चोवीस वर्षं तुझे बाबा स्वतःच्या फजित्या लिहून पाठवायचे बिचारे. एकही जमली नाही."

टोपीत चिठ्ठी होती. बाबांचं अक्षर — "यंदा माझी पाठवत नाही. मुलीचं भाषण पाठवतोय. हवं तेवढं हसा, पण एकही देश गाळू नका."