पाचकाची डबी

आखाडा बाळापूर,
८ सप्टेंबर २००३

सौ. अंजलीताईस,
शिवहारचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक. सोयाबीन शेंगांवर आलंय, पोळा नीट झाला. भाऊजींची कंबर कशी आहे?

पोळा नीट झाला, हे उगाच लिहिलं. त्या दिवशी आईला जीपमध्ये घालून नांदेडला न्यावं लागलं. आता घरी आहे, बोलते, थोडी पेज पिते. पुढचं वाच आणि मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे.

ताई, तुला कळवलं होतं तसा आईला अल्सर नाही. पोटाचा कॅन्सर आहे, बरा न होणारा. दुखू नये म्हणून मुंबईच्या दवाखान्यानं मॉर्फिनच्या गोळ्या दिल्यात. तुलाही कळवलं नाही, आईलाही नाही, कारण माझ्या रागिणीचं लग्न सेनगावला जमत होतं. घरात कॅन्सर म्हटलं की लोक काय बोलतात, तुला माहीत आहे. म्हणून त्या गोळ्या मी पाचकाच्या रिकाम्या डबीत भरल्या. फार हुशारी केली असं वाटलं होतं.

पोळ्याला गोळी देऊनही कळ थांबेना. नेहमीचे डॉक्टर सणाला गावी गेलेले. वारंगा फाट्यावरून दुसरे आणले. त्यांनी विचारलं, "औषध काय चालू आहे?" ओसरीवर सेनगावचे पाहुणे जेवत होते. मी डबी पुढे केली. "गॅसचं," म्हणालो.

त्यांनी कळ थांबवायचं जोरदार इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं आईचा श्वास अडखळायला लागला, ओठ निळे पडले. तेव्हाही, ताई, मी पाहुण्यांकडेच बघत होतो. गोळ्या रागिणीच द्यायची, म्हणून तिला सगळं ठाऊक होतं. ती ओरडली, "डॉक्टर, डबीत मॉर्फिन हाय! आजीला कॅन्सर हाय!" डॉक्टर वाटभर श्वास देत नांदेडपर्यंत आले. पोरीमुळे आई वाचली.

पाहुण्यांचा अजून निरोप नाही. रागिणी म्हणते, "न्हाई आला तर न्हाई."

नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं, मॉर्फिनवर तसलंच इंजेक्शन पडलं म्हणून श्वास अडला; सणासुदीला, अपरात्री कोणताही डॉक्टर येईल. आजार आणि औषध घरात, शेजारीपाजारी सगळ्यांना ठाऊक पाहिजे. मी मान हलवली. गावात आलो आणि तोंडच उघडेना.

शेवटी रागिणीनं आईला सगळं सांगितलं. आईनं तिच्याकडून औषधाचं नाव पाठ करून घेतलं. आता कोणीही आलं की खाटेवरूनच सांगते, "मला कॅन्सर हाय. मार्फीन चालू हाय. हे सांगितल्याबिगर सुई टोचू देऊ नका."

काल शेजारच्या भिकाबाईनं विचारलं, "तुमीच काहून सांगून राहिल्या?"

आई म्हणाली, "माझ्या लेकराला लाज वाटते."

मी दाराआड उभा होतो.

ताई, लवकर ये. तुला तोंड दाखवायची हिंमत नाही, तरी स्टँडवर घ्यायला मीच येईन. तिथं चहावाला उकंडराव रोज आईचं विचारतो. या वेळी गॅस म्हणणार नाही.

तुझा,
शिवहार