माफीनामा मागे घेते आहे, मी मालू मोकल

मी, मालू जनू मोकल, वय वर्षे पासष्ट, धंदा गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखणे, सध्या हात थरथरतो म्हणून बंद, राहणार रोहा, हे स्वहस्ते लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, आणि ज्यांना दाखला पुरत नाही त्यांनी माझ्याशी पाच मिनिटं बोलून बघावं. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून फसवलेलंही नाही. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी मात्र मी एकदा धाकाने सही केली होती. हा कागद त्या सहीसाठी आहे. घर आणि शेत ही निमित्तं.

वकीलबाई निशिगंधा म्हणतात, सुरुवातीला आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द करायची असतात. मी आधी कधी मृत्युपत्र केलेलं नाही. पण रद्द करायला जागा ठेवलेलीच आहे, तर मला एक माफीनामा रद्द करायचा आहे. त्या म्हणाल्या, हे कायद्यात बसत नाही. मी म्हटलं, बसवा.

कलम १. रोह्याचं दोन खोल्यांचं राहतं घर मी माझा मोठा भाऊ सखा याची नात दिपिका हिला देते. ती कॉलेजात नाटकं करते. तिचा बाप नितेश तिला म्हणतो, आमच्या आत्याने काढलं तेवढं नाव पुरे. त्याने घराबाहेर काढलं तर तिला जायला घर असावं, एवढंच माझ्या मनात आहे. अट कसलीही नाही. फक्त मागल्या खोलीतली खाट हलवू नये. दुपारी घरामागच्या कुंडलिका नदीत पाणी भरलं की उन्हाची जाळी छतावर हलत राहते, आणि ती त्या खाटेवरूनच दिसते. माझी निम्मी दुपार तिच्याकडे बघण्यात जाते, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

कलम २. माझे कुंचले पेणच्या कारखान्यातल्या अनिताला द्यावेत. तिचा हात माझ्यापेक्षा बरा आहे, हे मी तिला तोंडावर कधी सांगितलं नाही. तीस वर्षं मी तिथे डोळे आखले. मी नटी होते तेव्हा ज्या गावांनी माझा सिनेमा बंद पाडला, त्या गावांत माझ्या हाताने डोळे उघडलेले गणपती वाजतगाजत गेले. मालक म्हणायचे, कोणाला सांगू नको. मी नाही सांगितलं. आता सांगते. बँकेत जे काही असेल त्यातून माझं क्रियाकर्म साधेपणाने करावं आणि उरेल ते अनितालाच द्यावं.

कलम ३. ‘उधाणाची सून’ या चित्रपटाच्या हिरोला माझ्याकडून काहीही नाही. तो अजून आहे आणि सत्कार घेतो. त्या सिनेमात त्याने मला थोबाडीत मारली, बारा वेळा चित्रीकरण झालं, गाल सुजला. तो प्रसंग जसाच्या तसा राहिला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर त्याला चाळीस सिनेमे मिळाले. माझा ज्या प्रसंगाने घात झाला त्यात कोणी कोणाला मारलं नव्हतं.

कलम ४. आता तो प्रसंग. सिनेमात मी मिठागरातली पोर, मालविका या नावाने. जहाज फुटून खाडीत वाहून आलेला एक आफ्रिकी खलाशी मला सापडतो आणि माझा जीव त्याच्यावर जडतो. खलाशी झाला होता बेनसन ओटिएनो. तो केनियाचा, पुण्याला शेतीचं शिकायला आलेला. पहाटे पेणच्या खाडीकडे चित्रीकरण होतं. मिठाचे ढीग अजून निळसर होते, कुंड्यांतल्या, म्हणजे मीठ पिकवायच्या वाफ्यांतल्या, पाण्यात आभाळ उतरलं होतं, आणि पाय कुठे ठेवावा ते कळत नव्हतं, खाली पाणी की वर पाणी.

मी मिठागरातच वाढलेली, उन्हात रापलेली. बेनसनपेक्षा थोडीशीच उजळ. दिग्दर्शक म्हणाले, पडद्यावर फरक दिसायला हवा. म्हणून रंगभूषेच्या मिथुनदादाने माझं तोंड, मान, हात असे पांढरेफटक रंगवले की आयेने ओळखलं नसतं. प्रसंग सुरू झाला, मी बेनसनच्या गालाला गाल लावला आणि माझा अर्धा रंग त्याच्या गालावर गेला. तो मोडक्या मराठीत म्हणाला, “मालू, तुझा रंग मला लागला.” हे कुठे लिहिलेलं नव्हतं. आम्ही दोघे हसलो, आणि मग मी त्याचा मुका घेतला. तो मात्र लिहिलेला होता. लिहिलेला नसता तरी घेतला असता.

वर्तमानपत्रात फोटो आला, खाली छापलं की गोरी मुलगी काळ्या माणसाच्या मिठीत. त्यातली गोरी कोण, ते मला अजून कळलेलं नाही.

लोकांनी थिएटरं बंद पाडली. तो प्रसंग कापून टाकला. मी तो पडद्यावर कधी पाहिलाच नाही. इकडे गावकीने आमच्या घराला वाळीत टाकलं. आयेला मिठागरावर काम मिळेना, विहिरीवर ती गेली की बाकीच्या बाया दोर ओढून घ्यायच्या. मग सखादादा मुंबईला माझ्या खोलीवर आला. हातात लिहून आणलेला कागद. म्हणाला, “सही कर गो बाय. आय चार दिस जेवली नाय.” मी न वाचता सही केली.

कागद छापून आला तेव्हा वाचला. माफी होतीच, पण त्यात एक वाक्य असं होतं की त्या परदेशी नटाने माझ्यावर जबरदस्ती केली. ते वाक्य कोणी घातलं हे मला ठाऊक आहे. मी इथे लिहीत नाही. लिहायचं असेल तर त्याने लिहावं.

पण मीही काही साधी नव्हते. दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगता आलं असतं. माझ्या हातात तीन सिनेमे होते, ते जातील म्हणून गप्प बसले. बेनसनची पुण्यातली खोली गेली, शिक्षण अर्धं राहिलं, महिन्याभरात तो देश सोडून गेला. जाताना माझ्याविरुद्ध एक शब्द बोलला नाही. आणि सिनेमे? एका निर्मात्याने सांगितलं, आता तू सोज्वळ दिसणार नाहीस. दुसऱ्याने फोन घेणंच सोडलं. तिसऱ्याने काम दिलं, त्या बाईला नावसुद्धा नव्हतं, नुसती कोठ्यावरची दुसरी. म्हणजे खोटं बोलून वाचलं कोणीच नाही.

दुपारी छतावर ऊन हलायला लागलं की कापलेला प्रसंग मला दिसतो. त्यात बेनसन मला काही विचारत नाही. त्याने विचारावं असं मला फार वाटतं.

तरी मी जाहीर करते की बेनसन ओटिएनो याने माझ्यावर कसलीही जबरदस्ती केली नाही. मुका मी घेतला, राजीखुशीने घेतला. माझा माफीनामा मी या कागदाने रद्द करते. दिपिकाने हे कलम छापून आणावं, आणि बेनसनचं कोणी केनियात सापडलं तर त्यांना पाठवावं. मला माफ करावं असं मी त्यांना म्हणत नाही. त्यांना खरं कळावं.

कलम ५. गागोद्याकडचं वीस गुंठे भातशेत मी सिनेमाच्या पहिल्या मिळकतीतून घेतलं. ते सखादादाच्या घराला लागून आहे आणि तोच ते कसतो. त्याचा जीव त्या शेतात आहे, हे मला ठाऊक आहे. वकीलबाई म्हणतात, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून असं ठरवते. सखादादाने वरचं कलम ऐकून साक्षीदार म्हणून सही केली, तर शेत दिपिकाला जाईल. सही केली नाही, तर शेत त्याचं, माझा काही राग नाही. शेजारचे महिपतीभाऊ ओटीवर चहा पीत बसवून ठेवले आहेत. लागले तर ते सही करतील.

सखादादाला सक्ती नाही. माझ्यावर झाली तशी मी कोणावर करणार नाही.

ठिकाण: रोहा. दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५.

(सही) मालू जनू मोकल, सिनेमातली मालविका

लिहून ठेवणारीने आमच्यासमोर सही केली, आम्ही तिच्यासमोर केली.

साक्षीदार क्र. १: (सही) सीताबाई, शेजारीण. मालूताईने सही करताना हात थरथरला नाही, मी बघत होते.

साक्षीदार क्र. २: कलम चार दिपिकाकडून दोनदा वाचून घेतलं. जबरदस्तीचं वाक्य मी घातलं व्हतं. मालूला वाचून दाखवलं नाय. त्या मानसाला मी कधी बघितलापन नव्हता. शेत नको. (सही) सखा जनू मोकल