दोन डॉक्टर, एक मान

मुंबई, फेब्रुवारी १९५९

साळूबाईस, थोरल्या सवतीकडून, भांडण घडीभर बाजूला ठेवून.

मालकांच्या मानेवरची गाठ कॅन्सरची निघाली, पण आता सुपारीएवढीच राहिली हाय. हितं एक डॉक्टर त्यांना मशीनखाली निजवून लाईट देतो, दुसरा शिरेत औषधाची सुई देतो. तुला ठावं हाय, आपल्याकडं एका वैद्याला दुसऱ्याच्या औषधाचा सुगावा लागला की तो आपली पुडी काढून घेतो. म्हणून लाईटवाल्याकडं जाताना मी त्यांच्या हातावरची सुईची जागा बाहीखाली झाकायची, अन् सुईवाल्याकडं जाताना मानेवरच्या शाईच्या खुणा उपरण्यात गुंडाळायची. असं पंधरा दिवस चाललं.

काल बघते तर दोघं एकाच डब्यातनं जेवत व्हते! मी घाबरून सगळं कबूल केलं. दोघं इतके हसले की एकाला ठसकाच लागला.

"अहो बाई, आम्ही मिळूनच ठरवलंय," लाईटवाला म्हणाला. "एकट्याच्यानं ही गाठ हटायची नाही."

मालकही लई हसले. मग हळूच म्हणाले, "साळूला कळवलंस ना?"

मी व्हय म्हणाले. खोटं बोलले. तू येऊन उशाशी बसशील म्हणून तुला 'कांदा विकाया चाललो' एवढंच सांगून निघाले व्हते.

हे पत्र टाकत न्हाई. तुला वाचता येत न्हाई, अन् वाचून दाखवणारा साऱ्या लोणी गावाला ऐकवील. उद्या माझा भाऊ त्यांच्यापाशी बसंल, मीच तुला न्यायला येते. दारातच काय भांडायचं ते भांडून घे, मग लुगडी बांध.

एकटीच्यानं न भागलेली,
कुशाबाई