सामान पोचल्याचा निरोप

२ मार्च, सोमवार

धाकटीचा फोन. डॉक्टरांनी तीन महिने सांगितलेत. तीन! "तू चार धर, ताई," म्हणाली, "मला कुठेही जायला उशीरच होतो." असल्या वेळीही थट्टा! मला हसू आलं नाही. तीच हसली, आणि मग कितीतरी वेळ खोकत राहिली.

मग म्हणाली, "ये तू. पण रिकाम्या हातांनी नको. तुझा तो पुस्तकं दाबायचा शिकंजा घेऊन ये. माझी चित्रं बांधून दे."

अठ्ठावीस वर्षं बालवाडीत शिकवलं तिने. दरवर्षी वर्गातल्या प्रत्येक पोराचं एक चित्र काढायची. सहाशेच्या वर कागद आहेत, सगळे सुटे, खोक्यांत कोंबलेले. मी जन्मभर लोकांची पुस्तकं बांधली. वकिलांचे निकाल बांधले, ग्रंथालयाचे फाटके खंड बांधले. सख्ख्या बहिणीचं एक पान शिवलं नाही. तिने कधी मागितलं नाही आणि मलाही कधी सुचलं नाही.

दुपारी दुकान बंद करून घरी आले. खळ पातेल्यातच वाळून गेली.

४ मार्च, बुधवार

सुनेशी वाजलं. ती प्रवासाच्या तिकिटांच्या ऑफिसात बसते, त्यामुळे विमान म्हटलं की आमच्या घरात तिचाच शब्द शेवटचा!

"आई, दोन मोठ्या बॅगा, तेवीस-तेवीस किलो. काउंटरवर द्यायच्या, उतरल्यावर पट्ट्यावरून उचलायच्या. शुक्रवारचं तिकीट काढते."

म्हटलं, शिकंजाच एकोणीस किलो लोखंड आहे. वर हातोडी, पटाशी, दाभणं, पुठ्ठे, कापडाचे तागे. शिवाय आईच्या दोन रजया, त्या धाकटीला हव्यात. आणि माझे चार महिन्यांचे कपडे. मावणार कुठे?

"मग जास्तीची बॅग घ्या."

"आणि ती पट्ट्यावर आलीच नाही तर?"

"तर मागून येईल! माणूस तर पोचतं ना!"

तिचं चुकीचं नव्हतं. पण माझं ठरलं होतं. सगळं सामान आधी पाठवायचं. पोचल्याचा निरोप आला की मी निघायचं.

५ मार्च, गुरुवार

सून काल म्हणाली, "हे कुठलं खूळ?" तिला काही सांगितलं नाही. इथे लिहिते.

बाबा पुलांच्या कामावर. दर दीड वर्षाला बदली. एकदा सामान मालगाडीत टाकलं आणि त्याच दिवशी आम्हीही निघालो. आम्ही पोचलो, सामान नाही. अकरा दिवस! रिकामी खोली, थंडी मरणाची, आणि धाकटी आठ महिन्यांची, तापाने फणफणलेली. आईने तिला बाबांच्या कोटात गुंडाळून अकरा दिवस मांडीवर ठेवलं. बाराव्या दिवशी सामान आलं तेव्हा आई बाबांना म्हणाली, "यापुढे सामान पोचल्याचा निरोप आल्याशिवाय माझ्या पोरी घराबाहेर पडणार नाहीत."

तेव्हापासून तोच कायदा. पुढे सात बदल्या झाल्या, सातही वेळा आधी सामान गेलं, मग पोचल्याचं कार्ड आलं, मग आम्ही निघालो. माझं लग्न झालं तेव्हाही असंच. धाकटी परदेशी गेली तेव्हाही तिच्या पेट्या आधी गेल्या. आम्ही दोघी यावर खूप हसायचो, पण मोडला मात्र कुणी नाही. मला तर सामानाशिवाय कुठे जायचं म्हटलं की अजून ती रिकामी खोली दिसते. त्या खोलीत मी होते ना. सहा वर्षांची होते.

७ मार्च, शनिवार

दिवसभर बांधाबांध. शिकंज्याचा स्क्रू काढून वेगळा गुंडाळला. रजयांच्या मध्ये ठेवला. चार कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे कोन लावले. माझ्या हातचं पॅकिंग आहे, वरून टाकलं तरी काही व्हायचं नाही! लेक म्हणाला, "आई, तुलाच यात बसवून पाठवलं असतं तर बरं झालं असतं." चावट मेला.

धाकटीच्या पुस्तकासाठी कापड काढलं. तिला हिरवा आवडतो. दुकानात गडद हिरवा तीन मीटर होता, सगळा घेतला.

९ मार्च, सोमवार

तीन खोकी दिली. त्रेपन्न किलो. सामान पाठवणाऱ्यांच्या ऑफिसातल्या बाई भल्या आहेत, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधतात. म्हणाल्या, दहा-बारा दिवस धरा.

घेणाऱ्याचं नाव: धाकटीचं. सून म्हणाली, "काकांचं घाला, मावशी आजारी आहेत." पण आमच्याकडे सामान नेहमी तिच्या नावाने जायचं. आलेलं खोकं आधी तिलाच उघडायचं असायचं, नाहीतर भोकाड!

१२ मार्च, गुरुवार

काही कळलं नाही. दुकानात मन लागत नाही. एका वकिलाच्या खंडाची पानं उलटी शिवली.

१६ मार्च, सोमवार

सुनेने मोबाइलवर पाहिलं. सामान तिकडच्या विमानतळावर उतरलं! पुढे तिथल्या एजंटकडे दिलंय. आता दोन-तीन दिवस.

धाकटीला सांगितलं. "हो का?" म्हणाली. बोलली कमी. धाप लागत होती तिला. मी म्हटलं, कॅमेरा लाव, तोंड तरी बघू दे. नाही म्हणाली. "ताई, मलाच आरशात बघवत नाही आता."

"अगं, तुला शेंबडी बघितलीये मी! आता काय लपवतेस?"

"शेंबडी होते, पण गुटगुटीत होते," म्हणाली. आणि फोन मेहुण्यांकडे दिला. मेहुणे बिचारे "हं, हं" करत राहिले.

१९ मार्च, गुरुवार

सामान नाही. पण आज धाकटीचा आवाज किती छान होता! पाऊण तास बोललो. बाबांची नक्कल केली तिने. एका पोराचं चित्र काढताना त्याने तिच्या केसांना रंग लावला होता, ते सांगितलं. मध्येच म्हणाली, "ताई, तू माझं फार केलंस गं." मी म्हटलं, पुरे, आल्यावर काय बोलायचं ते बोल.

औषध लागू पडतंय बहुतेक.

२३ मार्च, सोमवार

पंधरा दिवस झाले. ऑफिसात गेले. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "मोबाइलवर विमानतळापर्यंतचंच दिसतं हो. पुढचा कागद एजंट महिन्याच्या शेवटी पाठवतो. एरवी सामान मिळालं की घेणारे स्वतःच कळवतात ना." धाकटीला रोज विचारते. रोज तेच, "नाही आलं गं अजून."

२६ मार्च, गुरुवार

पुन्हा ऑफिसात. आज आवाज चढवला. एजंटला पत्र टाकलंय म्हणतात, उत्तर नाही. त्रेपन्न किलो काय हवेत विरघळलं?

माझा जीव नुसता टांगणीला लागलाय. सामान तिकडे कुठे पडलंय, बहीण तिकडे झुरतेय, आणि मी इथे पुठ्ठे कापतेय.

२९ मार्च, रविवार

आज सून रागावली. खरंच रागावली, डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मेहुण्यांशी बोलली म्हणे. धाकटी आता जेवत नाही, फक्त पाणी. "आई, परवा मंगळवारची एक जागा धरून ठेवलीये. एक बॅग घ्या, दोन लुगडी टाका आणि जा! शिकंजा गेला खड्ड्यात!"

हो म्हटलं. बॅग काढली. लेकाने वजनकाटा आणला, मी त्याच्याकडे बघितलं, त्याने तो परत ठेवला.

संध्याकाळी धाकटीला सांगितलं की मंगळवारी निघते. ती म्हणाली, "सामान?"

"मरू दे सामान."

"असं नाही ताई. आधी सामान पोचू दे. शिकंजा नसला तर तू इथे येऊन करणार काय? नुसती माझ्याकडे बघत बसशील. तसं मला नकोय. सामान आलं की मी कळवते, मग ये. शपथ आहे माझी."

शपथ घातली! एवढ्या मोठ्या बाईने!

३० मार्च, सोमवार

जागा सोडली. सून माझ्याशी बोलत नाही.

आई म्हणायची तेच धाकटीने म्हटलं, म्हणून मी ऐकलं. की मलाच त्या रिकाम्या खोलीची अजून भीती वाटते म्हणून ऐकलं? खरं काय ते देवाला ठाऊक.

१ एप्रिल, बुधवार

फोन मेहुण्यांनी घेतला. झोपलीये म्हणाले.

४ एप्रिल, शनिवार

गेली.

सकाळी दहा वाजता दुकानात फोन आला. मी पुठ्ठ्याला खळ लावत होते. मेहुणे म्हणाले, "ताई, पहाटे. झोपेतच." मी खळ लावतच राहिले. अख्खा पुठ्ठा ओला चिंब झाला, तरी लावत राहिले. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने हातातून ब्रश काढून घेतला.

तीन महिने म्हणाले होते. पाच आठवडेसुद्धा नाही झाले.

६ एप्रिल, सोमवार

तिकडे सगळं उरकलं. लेक म्हणाला, अजूनही जाऊन ये. कोणासाठी जाऊ?

सून रात्रंदिवस जवळ बसते. एकदाही "मी म्हटलं होतं" म्हणाली नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. माझी मीच म्हणतेय दिवसभर. दोन लुगडी टाकून गेले असते तर महिनाभर तिच्या उशाशी बसले असते. तिच्या तोंडात पाणी घातलं असतं. मी काय केलं? खोक्यांची वाट बघितली! लोखंडाची वाट बघितली! असली कसली मी बहीण?

मेहुण्यांना विचारलं, सामान आलं का हो शेवटी? म्हणाले, "सामानाचं नंतर बोलू, ताई." रडत होते. मी पण त्या बिचाऱ्याला काय विचारते!

९ एप्रिल, गुरुवार

झोप नाही. जेवण नाही. दुकान बंदच आहे. वकिलाचा माणूस दोनदा येऊन गेला, त्याला बाहेरूनच घालवलं.

आई आज असती तर विचारलं असतं, तुझा कायदा मी पाळला, आता सांग, कोण पोचलं? पण आईवर कशाला ढकलू. सहा वर्षांची होते तेव्हा भीती वाटली ते ठीक. एकसष्टाव्या वर्षी काय धाड भरली होती मला?

१४ एप्रिल, मंगळवार

ऑफिसात गेले होते. सामान कुठेही पडलं असलं तरी परत मागवा, एवढंच सांगायला. चष्मेवाल्या बाई फाइल काढून म्हणाल्या, "अहो, पण हे तर कधीच मिळालंय! एजंटचा कागद काल आला."

मिळाल्याची तारीख १८ मार्च. खाली धाकटीची सही, पूर्ण नाव, वेडंवाकडं. शेजारी एजंटने लिहिलंय: घेणाऱ्या बाई म्हणाल्या, पाठवणाऱ्या बहिणीला फोन करू नका, मी सांगेन.

घरी येऊन मेहुण्यांना फोन केला. म्हणाले, "मलाही शपथ घातली होती, ताई. खोकी तिच्या पलंगापाशीच होती. तुम्ही तिला तशा अवस्थेत बघू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं."

सामान आल्याचं कळल्याशिवाय ताई निघायची नाही, हे जगात फक्त तिलाच पक्कं माहीत होतं. अगं वेडे! कशीही असतीस तरी मला बघायचं होतं. आणि मीही सामानाची वाट न बघता तसंच निघायला हवं होतं.