रिकामा जाड्या

प्रिय मावशी,

तुला लांबूनच वाकून नमस्कार (जवळून केला की तू कान धरतेस). गुडघा कसा आहे? काकांचा खोकला आणि त्या खोकल्यावरून होणारं तुमचं भांडण, दोन्ही नेहमीसारखं चालू असेल. मी मजेत आहे. नोकरीही आहे, असं आज तरी वाटतंय.

आमच्याकडे किरणं सोडणारं एक मोठं यंत्र आहे. ते चालू असताना बाहेर किती किरणं झिरपतात ते मोजत हिंडायचं, हे माझं आणि पैलवानाचं काम. (पैलवान म्हणजे माझा जोडीदार. रोज जिमला जातो आणि रोज तसं सांगतो.) गोची अशी, की किरणं दोन जातींची आणि एकमेकांत मिसळलेली. एक गॅमा. ती मोजायला हातात मावेल एवढं टिकटिक करणारं मीटर आहे. पण दुसरे, म्हणजे न्यूट्रॉन, त्याला दिसतच नाहीत. ते इतके सुसाट, की आधी त्यांना जाड प्लास्टिकमधून नेऊन दमवायचं, मग कुठे आतली नळी त्यांना मोजते. म्हणून दुसरं मीटर म्हणजे भरीव प्लास्टिकचं पांढरं पिंपच, वर दांडा. आम्ही त्याला जाड्या म्हणतो. दोघांचे आकडे मिळवले की खरं काय ते कळतं. जाड्या उचलला की माझा खांदा निखळतो, आणि पैलवान दर वेळी म्हणणार, "तुला नाही झेपायचं, तू आपलं टिकटिक धर."

परवा मला राहवलं नाही. जाड्याची नळी काढून तेवढ्याच आकाराच्या रिकाम्या पांढऱ्या डब्यात घातली आणि वर त्याचाच दांडा बसवला. पैलवानाने तो उचलला, स्वतःच्या दंडाकडे जरा आदराने बघितलं, आणि मग एका बोटाला लटकवून मॅडमसमोरून (म्हणजे आमच्या साहेब) उगाच चकरा मारल्या. मी भिंतीकडे तोंड करून हसून घेतलं.

पण डबा पोकळ, मग न्यूट्रॉनला दमवणार कोण? ते आले तसे पार निघून गेले आणि आकडा धाडकन खाली. मॅडम खूश. आम्ही मोजत होतो ते नव्या भिंतीच्या पलीकडे, आणि किरणं अडवायला ती भिंत त्यांनीच बांधून घेतलेली. म्हणाल्या, "भिंत लागू पडली म्हणायची. मग उद्यापासून तुम्हा दोघांचं टेबल भिंतीपलीकडेच लावा, इकडे जागा होईल."

मी घाईघाईने म्हटलं, "मॅडम, तिथे मला वारा लागतो."

"तिथे खिडकीच नाही."

"तेच म्हणतोय, कोंदट होतं."

"वारा लागतो की कोंदट होतं?"

तेवढ्यात पैलवान पुढे. "मी एकटा बसतो मॅडम, मला काही होत नाही."

आता हे गाढव माझ्यापायी रोज तिथे जाऊन बसणार म्हटल्यावर मला सगळं सांगावंच लागलं. मग खरा जाड्या आणून पुन्हा मोजलं, आकडा चांगलाच वर गेला. टेबल आहे तिथेच राहिलं, भिंत आणखी जाड करणार आहेत. पैलवान सवयीने खरा जाड्या एका बोटाने उचलायला गेला आणि कमरेत उसण भरून घेतली, त्यामुळे सध्या दोन्ही मीटरं मीच वाहतो. मॅडमनी ओरडण्याऐवजी माझ्याकडे एक कागद मागितलाय, तो खाली सांगतो.

तुझा लाडका (यात काही बदल झाला असेल तर कळव),
भाचा

ता. क. मुलगा जबाबदार आहे असं घरच्या मोठ्या माणसाचं पत्र मॅडमनी मागितलंय, त्यावर नोकरी अडलीये. आई खरं लिहील, म्हणून तुला विचारतोय.

आणखी एक ता. क. मजकूर मीच देतो, तू फक्त तुझ्या अक्षरात उतरव : "आमचा भाचा लहानपणापासून गंभीर आहे. त्याने कधी कुणाची थट्टा केल्याचं आम्हाला आठवत नाही." हसून अक्षर वाकडं आलं तर खाली लिही, वय झालं.